ई-एमटीबी घ्यावी का? आधी कुठे उतरता ते लिहून काढा

मावळात सायकली घेऊन डोंगर हिंडणाऱ्या आमच्या टोळक्यात वयाने मी सगळ्यांत मोठी. त्यात भोसरीत माझं गिअर कटिंगचं वर्कशॉप. त्यामुळे मोटर लावलेली कुठलीही वस्तू घ्यायची झाली की पोरांचा पहिला फोन मला येतो. "मावशी, ई-एमटीबी घेऊ का?" ई-एमटीबी म्हणजे पॅडल मारताना मोटर मदत करते ती माउंटन बाइक, डोंगरवाटांची सायकल. या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे. पुढचा महिनाभर राइडला गेलास की सायकलवरून जिथे जिथे उतरावं लागलं त्या जागा, आणि का उतरलास ते, मोबाइलवर लिहून ठेव. मग बोलू.

यादी हातात आली की निम्मा निकाल तिथेच लागतो. उतरण्याची कारणं मुळात चार. चढावर दम संपला. दम होता, पण मुरमावर मागचं चाक जागच्या जागी फिरलं किंवा कातळाच्या पायरीला पुढचं चाक अडलं. उतारावर भीती वाटली. किंवा घड्याळ बघून अर्ध्यातून मागे फिरलात, कारण बाराच्या आत घरी पोचायचं होतं. पहिल्या आणि शेवटच्या कारणाला मोटरचा सरळ उपयोग आहे. दुसऱ्याला अर्धामुर्धा, तोही हात बसल्यावर. तिसऱ्याला काहीच नाही. उलट तीच भीती आता दहा किलो जास्त वजनासकट उतारावरून खाली न्यायची. ज्यांच्या यादीत तिसरं कारण पुन्हा पुन्हा येतं त्यांना मी सांगते, ड्रॉपर पोस्ट (बटणाने खाली-वर होणारा सीटचा दांडा) घ्या, ब्रेक बदला आणि उतार शिकवणारा कोणीतरी गाठा. त्यातून उरले तर मोटरचे पैसे.

पहिलं कारण जास्त असलं तरी लगेच शोरूम गाठू नका. सायकल उलटी करा आणि दात मोजा. पुढचं चक्र ३२ दातांचं असेल तर त्याजागी ३० किंवा २८ चं, तुमच्या क्रँकला (पॅडलच्या दांड्याला) जे बसेल ते, लावून बघा. ३२ चं २८ केलं की प्रत्येक गिअर एक अष्टमांश हलका होतो. मागचं सगळ्यांत मोठं चक्र ३४ दातांवर थांबत असेल तर मोठी कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) आणि तिला पुरणारा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेतो तो भाग) घाला. हा खर्च काही हजारांचा आहे, काही लाखांचा नाही. आमच्यातल्या एका बँकवाल्याचा ई-एमटीबीचा विषय याच दुरुस्तीवर संपला. घोराडेश्वरच्या मागच्या चढावर तो आता हळू येतो, पण बसून येतो.

हे करूनही यादी तशीच राहिली, तर पुढे वाचा.

आधी हिशोब

समजा तुमचं वजन ७० किलो, पाणी, खाऊ आणि पाने-पंप मिळून ४ किलो. साधी ट्रेल (डोंगरातल्या कच्च्या वाटेची) सायकल १४ किलोची धरली तर एकूण ८८ किलो. पूर्ण ताकदीची ई-एमटीबी २४ किलोची धरली तर ९८. वाट कच्ची, आठ किलोमीटरची, चढ ६०० मीटरचा. सिंहगडाचा गाडीरस्ता पायथ्यापासून साधारण एवढाच चढतो, फक्त तो पक्का आहे.

नुसती उंची गाठायला साध्या सायकलवर सुमारे १४४ वॅट-तास (हजार वॅट-तास म्हणजे विजेचं एक युनिट) लागतात, ई-सायकलवर १६०. कच्ची वाट टायरला धरून ठेवते त्यात दोन्हीकडे आणखी साठेक वॅट-तास जातात. म्हणजे २०० आणि २२५ धरू. नेमाने चालवणारा माणूस १४० वॅट बराच वेळ देऊ शकतो. २०० ला १४० ने भागलं की जवळजवळ दीड तास आला. ई-सायकलवर तुमचे तेच १४० आणि मोटरचे २५०, मिळून ३९०. तोच चढ पस्तीस मिनिटांत.

या पस्तीस मिनिटांत मोटर १४४ वॅट-तासांचं काम करते. उष्णतेत वाया जातं ते धरलं तर बॅटरीतून १८० ते १९० जातात. ६२५ वॅट-तासांच्या बॅटरीवर असे तीन चढ होतात आणि घरापर्यंत थोडी उरते. सतत टर्बोवर, म्हणजे सगळ्यांत जास्त मदतीच्या मोडवर, राहिलात तर तिसरा चढ विसरा. विजेचा खर्च मात्र नगण्य आहे, एका पूर्ण चार्जला पाऊण युनिटच्या आसपास. पवन मावळात चहाला थांबलं की हमखास विचारतात, "ताई, चार्जिंगला किती जाते? ॲव्हरेज काय देते?" पाऊण युनिट म्हटलं की माणसं मनातल्या मनात मोटरसायकलच्या पेट्रोलचा हिशोब करायला लागतात.

आता खरा प्रश्न. वाचलेल्या तासाचं तुम्ही काय करणार? रविवारी सकाळी तीन तास मिळत असतील आणि तुमच्या टेकडीवर वर जाऊन वेगवेगळ्या वाटांनी खाली येता येत असेल, तर एका उताराऐवजी तीन उतार पदरात पडतात. ई-एमटीबीची किंमत वसूल होते ती इथे. पण तुमची राइड म्हणजे सकाळी निघायचं, एक खिंड ओलांडायची, पलीकडच्या गावात मिसळ खायची आणि परत यायचं, अशी असेल, तर मोटरमुळे तुम्ही फक्त लवकर घरी पोचाल. त्यासाठी लाखो रुपये घालणं मला पटत नाही. ज्याला पटतं त्याने खुशाल घालावेत.

बॅटरी वाटेतच संपली तर? या भीतीने लोक उगाच घाबरतात. वरच्याच आकड्यांत २२५ ला १४० ने भागा. दीड तासाच्या जागी एक तास छत्तीस मिनिटं. चढावर दहा किलोंचा फरक वाटतो त्यापेक्षा कमी आहे. तो फरक जाणवतो ते सायकल उचलताना, कडेला ओढून घेताना, पुढचं चाक दगडावर टाकताना.

सपाटीवर मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. मोटरची मदत ताशी २५ किलोमीटरला बंद होते. ट्रेलवर हे जाणवतही नाही, कारण तिथे तेवढा वेग क्वचित लागतो. पण चिंचवडहून वडगावपर्यंत जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने जाताना हार्डटेलवाली (मागे सस्पेन्शन नसलेल्या साध्या सायकलींवरची) पोरं सत्तावीस-अठ्ठावीसने निघून जातात आणि मी मोटर बंद पडलेली चोवीस किलोची वस्तू ओढत मागे. म्हणून बहुतेक वेळा मी सायकल गाडीत घालून पायथ्याला नेते. तुमचा ट्रेल घरापासून वीस किलोमीटर डांबरी रस्त्यावर असेल तर हा विचार आधी करा.

मोटर कुठे बसवली आहे

इथे मी जरा रेंगाळणार, कारण हा माझा धंदा आहे.

आपल्याकडे तीस ते साठ हजारांच्या टप्प्यात मिळणाऱ्या बहुतेक ई-सायकलींत मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मध्यभागी, असते. आत छोटे ग्रह-गिअर (मधल्या गिअरभोवती बसवलेले), बरेचदा नायलॉनचे. मोटर जोरात फिरते, गिअर तिचा वेग साधारण पाचाला एक असा कमी करतात आणि चाक फिरवतात. या मोटरला तुमच्या सायकलचे गिअर माहीतच नसतात. चढावर चाक हळू फिरायला लागलं की मोटरही हळू फिरते. हळू फिरणारी मोटर वीज तेवढीच किंवा जास्त खाते, पण तिचं काम कमी होऊन उष्णता वाढते. वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) तापतं, नायलॉन मऊ पडतं, दात झिजतात. ऑफिसला जायला, कॅनॉलच्या कडेने फिरायला, पाषाण-सूसच्या चढउतारावर ही सायकल छान चालते आणि पैशाला स्वस्त आहे. कातळाच्या पायऱ्यांच्या वाटेवर तिला रोज चढवू नका, ती त्यासाठी घडवलेली नाही.

मिड-ड्राइव्ह मोटर क्रँकपाशी असते आणि तुमच्याच चेनमधून ताकद पाठवते. त्यामुळे तुम्ही हलका गिअर टाकला की तो मोटरलाही मिळतो. शिमानोच्या ईपी८ या मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ८५ न्यूटन-मीटर छापलेला असतो; बॉशच्या परफॉर्मन्स लाइन सीएक्सचाही २०२५ च्या अपडेटपर्यंत तेवढाच होता. पुढे ३२ आणि मागे ५१ दात असतील तर ८५ ला ५१ ने गुणा आणि ३२ ने भागा: चाकापाशी सुमारे १३५. हब मोटरचे छापलेले ४० चाकापाशी ४०च राहतात. दोन जाहिरातींतले टॉर्कचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणाऱ्यांनी हा गुणाकार आधी करावा. नायलॉनवरून मिड-ड्राइव्हलाही नावं ठेवता येतील, काहींत आवाज कमी करायला एखादा नायलॉन गिअर असतोच. पण तिथे मोटर तिला सोसेल अशा वेगात फिरते, म्हणून तो टिकतो.

दुसरा फरक सेन्सरचा. स्वस्त सायकलींत पॅडल फिरतंय की नाही एवढंच कळतं. तुम्ही पाव फेरा मारलात की क्षणभराने मोटर एकदम जोर लावते. मोकळ्या मुरमावर हा धक्का बसला की मागचं चाक फिरलंच. टॉर्क सेन्सर असेल तर तुम्ही पायाने जेवढा दाब द्याल त्या प्रमाणात मोटर देते. ट्रेलसाठी ही अट मी कधीच सोडत नाही. मिड-ड्राइव्ह आणि टॉर्क सेन्सर दोन्ही परवडत नसतील तर थांबा, तोवर चांगली साधी सायकल चालवा.

नव्या मोटरी आणखी जोरकस होत आहेत. ड्रोन बनवणाऱ्या डीजेआयने २०२४ मध्ये ॲव्हिनॉक्स नावाची मोटर आणली, तिचा टॉर्क १०५. दुसऱ्या टोकाला हलक्या ई-एमटीबी आहेत: टीक्यू कंपनीची एचपीआर५० मोटर ५० न्यूटन-मीटरची, सोबत ३६० वॅट-तासांची बॅटरी, सायकल १७ ते १९ किलोंत. आमच्यातल्या सडपातळ, नियमित चालवणाऱ्या मंडळींना मी हलकीच सुचवते. तिच्यावर चढ चढावा लागतो, फक्त तो थोडा लहान झालेला असतो. बॅटरी काढता येते का ते मात्र बघा. काही हलक्या मॉडेलांत ती फ्रेममध्येच बंद असते, आणि तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याच्या पार्किंगमध्ये प्लग नसेल तर रोजची कटकट.

कायद्याचंही इथेच सांगून टाकते. आपल्या केंद्रीय मोटर वाहन नियमांनुसार पॅडल मारल्यावरच मदत करणारी, ३० मिनिटांची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी असलेली आणि ताशी २५ ला मोटर बंद होणारी सायकल मोटर वाहनात धरत नाहीत. म्हणजे नोंदणी नको, लायसन्स नको. मोजतात ती सलग ३० मिनिटांची शक्ती, क्षणभराची नव्हे. म्हणून चढावर थोडा वेळ ६०० वॅट देणारी मोटरही कागदावर २५० वॅटच्या आत असू शकते. ॲपमधून वेगाची मर्यादा काढून देणारे लोक भेटतात. त्यांच्या नादी लागलात तर सवलतही गेली आणि वॉरंटीही.

रिकामा सिलिंडर, भरलेला सिलिंडर

चालवून बघण्याआधी उचलून बघा. घरातल्या गॅसचा रिकामा सिलिंडर साधारण पंधरा किलोंचा असतो, म्हणजे तुमची साधी सायकल. भरलेला तिसाच्या जवळ जातो. ई-एमटीबी त्या दोघांच्या मध्ये, भरलेल्याकडे झुकलेली. सह्याद्रीतल्या वाटेवर सायकल उचलायची वेळ येतेच: शेताचं कुंपण, तुटलेला बांध, पावसाने खचलेली कडा, ओढ्यातले धोंडे. साधी सायकल मी खांद्यावर टाकून चालते. ई-एमटीबीला वॉक मोड असतो, बटण दाबून धरलं की ती माणसाच्या चालीने स्वतः सरकते, आणि गवताच्या चढावर तो वरदान आहे. पण कमरेएवढ्या कातळाच्या टप्प्यावर वॉक मोड काही करत नाही. तिथे दोघं लागतात. ज्यांना एकट्याने, आडवाटेला, नकाशात नसलेल्या ढोरवाटा शोधत फिरायला आवडतं त्यांना मी पूर्ण वजनाची ई-एमटीबी घ्या असं सांगत नाही.

गाडीच्या मागे लावायचा कॅरिअरही तपासा. पट्ट्यांनी बांधायचे बरेच कॅरिअर एका सायकलला पंधरा किलोंपर्यंतच चालतात. बॅटरी काढून गाडीत ठेवली की तीन-चार किलो कमी होतात, तरी हिशोब जमत नाही.

चालवून बघताना

दुकानासमोरच्या रस्त्यावर एक चक्कर मारून काहीही कळत नाही. तिथे प्रत्येक ई-सायकल भन्नाट वाटते. ओळखीच्या कोणाची तरी मागा, किंवा दुकानदाराला खात्रीसाठी पैसे ठेवून अर्धा दिवस द्यायला सांगा, आणि तुमच्या यादीतल्या जागांवर जा. ज्या चढावर दम संपतो तो चढ. ज्या पायरीला अडता ती पायरी. आणि एक उतार, जो तुम्हाला साध्या सायकलवर चांगला येतो.

चढावर सायकल थांबवा आणि तिथूनच पुन्हा निघून बघा. मला विचाराल तर ई-एमटीबीचा सगळ्यांत मोठा फायदा हा आहे. साध्या सायकलवर उभ्या चढावर एकदा थांबलात की बहुतेक वेळा ढकलतच वर जावं लागतं. इथे मागचा ब्रेक धरायचा, सायकल थोडी तिरकी उभी करायची, सगळ्यांत हलक्यापेक्षा एक गिअर जड ठेवायचा, टर्बो बंद करून मधल्या मोडवर यायचं, वरचा पाय दाबायचा आणि ब्रेक सोडायचा. सगळ्यांत हलक्या गिअरवर टर्बोमध्ये निघालात तर पुढचं चाक उठेल आणि तुम्ही पाठीवर.

एक सवय पहिल्या मिनिटापासून लावा. उभं असताना पॅडलवर पाय ठेवायचा तर ब्रेक दाबून ठेवायचा. टॉर्क सेन्सरला तुमचा विसावलेला पायही जोर वाटतो.

चढताना सीटच्या टोकावर सरका, कोपरं खाली, छाती हँडलकडे. पॅडलचे फेरे मिनिटाला पंचाहत्तर ते नव्वद ठेवा. जड गिअर दाबत बसलात की मोटर आणि चेन दोन्ही कुरकुरतात. पायरी आली की पूर्ण फेरा न मारता अर्ध्या अर्ध्या फेऱ्यांनी वर घ्या, नाहीतर क्रँक दगडावर आपटतो. ई-एमटीबीवर आपण अशा जागीही पॅडल मारत राहतो जिथे एरवी थांबलो असतो, म्हणून क्रँक आखूड, १६० ते १६५ मिलिमीटरचे असलेले बरे. गिअर बदलताना पायाचा जोर क्षणभर कमी करा. मोटर आणि माणूस दोघांचा जोर चेनवर असताना गिअर पाडला की जो आवाज येतो तो माझ्यासारखीला तरी ऐकवत नाही. चेन साध्या सायकलपेक्षा लवकर ताणते. चेनची झीज मोजायची पट्टी घेऊन ठेवा आणि बारा गिअरच्या चेनला ०.५ टक्का ताण दिसला की बदला, म्हणजे महागडी कॅसेट वाचते.

उतारावर जड सायकल सरळ रेषेत सुंदर बसते, छोट्या दगडांवरून थरथर न करता जाते. वळणात आणि ब्रेक मारताना वजन दिसतं. चार पिस्टनचे ब्रेक आणि २०० मिलिमीटरच्या आसपासचे रोटर (ब्रेकच्या चकत्या) नसलेली ई-एमटीबी घेऊ नका, किंमत कितीही मोहात पाडणारी असो. टायरही जाड घडणीचे, ट्यूबलेस.

वाटेवरची माणसं

साध्या सायकलवर चढताना आपण पायी चालणाऱ्याच्या वेगाने जातो, त्यामुळे त्याला त्रास नसतो. ई-एमटीबीवर चढही ताशी बारा-चौदाने होतो, आवाज फारसा नाही, आणि सकाळी टेकडीवर फिरायला आलेल्या आजोबांना मागून काहीतरी येतंय हे कळतच नाही. उतारावर सावध राहायची आपल्याला सवय असते, चढावर नसते. म्हणून घंटी लावा आणि लांबून वाजवा. पुण्यातल्या टेकड्यांवर मी सुट्टीच्या सकाळी ई-एमटीबी नेतच नाही. मावळात म्हशी निवांत असतात, धनगरांची कुत्री नसतात. कुत्रं दिसलं की खाली उतरा, सायकल मध्ये धरा, टर्बोने पळायचा विचार करू नका.

ट्रेल जास्त खराब होतात का, हाही वाद आहे. आंतरराष्ट्रीय माउंटन बाइकिंग संघटनेने २०१५ मध्ये ओरेगनमध्ये छोटी चाचणी घेतली होती. त्यात ई-एमटीबी आणि साधी सायकल यांनी हलवलेल्या मातीत फारसा फरक दिसला नाही, मोटरसायकलने मात्र खूपच जास्त माती उडवली. ती चाचणी तिथल्या मातीवरची. आपल्याकडे जुलैत ओल्या वाटेवर कुठलीही सायकल चर पाडते. कासच्या पठारासारख्या जागी तर चाक वाटेबाहेर नेऊच नये. गडाच्या पायऱ्यांवर सायकल चढवून व्हिडिओ काढणाऱ्यांबद्दल मी न बोललेलं बरं. लोहगड २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला आहे, निदान त्याची तरी चाड ठेवा.

पाऊस, उन्हाळा, बॅटरी

मिड-ड्राइव्ह मोटर जमिनीपासून जेमतेम फूटभर वर असते. ती उडणाऱ्या पाण्यासाठी बंद केलेली असते, बुडण्यासाठी नाही. ओढ्याचं पाणी मोटरला लागेल असं वाटलं की दोघांनी उचलून न्या किंवा मागे फिरा. गाडी धुण्याच्या सेंटरवर प्रेशरच्या पाण्याखाली तर कधीच धरू नका, बेअरिंगच्या सीलमधून पाणी आत जातं. घरी बादली, मऊ ब्रश, हळू पाणी. बॅटरी काढून तिची टोकं कोरड्या फडक्याने पुसा, मगच परत बसवा.

बॅटरीला थंडीपेक्षा आपला एप्रिल-मे जास्त जाचतो. उन्हात बंद गाडीत तिला ठेवू नका. राइडहून आल्या आल्या तापलेली असताना चार्जिंगला लावू नका, तासभर जाऊ द्या. चार्जिंग चाळीस अंशांच्या आतच. पावसाळ्यात महिना-दोन महिने सायकल उभी राहणार असेल तर तीस ते साठ टक्क्यांच्या मध्ये चार्ज ठेवून घरातल्या कोरड्या, थंड कोपऱ्यात ठेवा. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून ठेवली की ती लवकर म्हातारी होते.

पैसे आणि अमेरिकेतला भाचा

परदेशी बनावटीची, फुल सस्पेन्शन, मिड-ड्राइव्ह ई-एमटीबी आपल्याकडे काही लाखांत जाते. मग कोणीतरी म्हणतं, भाचा डिसेंबरात येतोय, त्याच्याबरोबर मागवू. नाही येत. प्रवासी विमानात १६० वॅट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी सामानात नेता येत नाही, आणि ट्रेलच्या सायकलची बॅटरी त्याहून बरीच मोठी असते. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या तर २०१६ पासून प्रवासी विमानातून माल म्हणूनही नेऊ देत नाहीत. फ्रेम येईल, बॅटरी येणार नाही. याच कारणाने तुमची इथली सायकलही विमानाने लेहला जाणार नाही. मनालीपर्यंत रस्त्याने न्या नाहीतर तिथे भाड्याने शोधा. शिवाय अमेरिकेतल्या पहिल्या वर्गाच्या सायकलींना ७५० वॅट आणि ताशी ३२ किलोमीटरपर्यंत मुभा असते, ती आपल्या नियमात बसत नाही. आणि भाचा तिथे चालवत असेल तर त्यालाही सांगा: तिथल्या फॉरेस्ट सर्व्हिसच्या (केंद्रीय वनखात्याच्या) जमिनीवर ई-बाइक मोटर वाहनात धरतात, वेगळी परवानगी नसलेल्या ट्रेलवर ती चालत नाही.

दुकानदाराला किमतीआधी तीन गोष्टी विचारा. या मोटरचा बिघाड तपासायचं सॉफ्टवेअर तुमच्याकडे आहे का? नवी बॅटरी भारतात मिळते का, आणि आज ऑर्डर दिली तर कधी येईल? मोटर बंद पडली तर दुरुस्त होते की बदलावी लागते? उत्तर लेखी घ्या. "होईल मॅडम, काळजी नको" हे उत्तर धरू नका. या मोटरी उघडून गल्लीतला कारागीर दुरुस्त करू शकत नाही. गिअर मी कापून देईन, पण आतलं इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या लॅपटॉपशिवाय बोलत नाही.

"मग व्यायाम काय होणार?" हा प्रश्न बहुतेक न चालवलेले लोक विचारतात. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संशोधकांनी ३३ अनुभवी सायकलस्वारांना एकच वाट दोन्ही सायकलींवर चालवायला लावली. ई-एमटीबीवर हृदयाचे ठोके साध्या सायकलीच्या ९४ टक्क्यांच्या आसपास होते. अभ्यास छोटा आहे, पण माझ्या अनुभवाशी जुळतो: पाय कमी दुखतात, दंड आणि पाठ जास्त. गुडघ्यांसाठी घ्यायची असेल तर अस्थिरोगतज्ज्ञाला विचारून घ्या, मला नाही. एवढं सांगते की चढावर जड गिअर दाबताना गुडघ्यावर येणारा ताण मोटर बराच उचलते.

आमच्या टोळक्यात आता ई-एमटीबी घेतलेले दोन प्रकारचे लोक आहेत: पन्नाशी ओलांडलेले, ज्यांना पोरांबरोबर राहायचं आहे, आणि लहान मुलांचे आईबाप, ज्यांना आठवड्याला तीनच तास मिळतात. दोघांच्याही पैशाचं चीज झालं. तिशीतला, दर रविवारी मोकळा असलेला, चांगल्या पायांचा मुलगा विचारायला आला तर त्याला मी हार्डटेल विकून चांगली फुल सस्पेन्शन घ्यायला सांगते.

सेकंडहँड घेत असाल, आणि आपल्याकडे तोच बऱ्याच जणांचा मार्ग आहे, तर बॅटरी पूर्ण भरून मागा आणि तुमच्या ओळखीच्या चढावर तोच मोड ठेवून किती टक्के उतरते ते बघा. वरच्या हिशोबाशी ताडून पाहिलं की तिचं वय कळतं. डीलरकडून एकूण किलोमीटर आणि चार्जिंगचे फेरे काढून घ्या. मोटरच्या खालचं कव्हर दगडांनी किती खाल्लंय ते आडवं झोपून बघा. क्रँक हाताने आडवा हलवा, खेळ असेल तर मोटरचं बेअरिंग गेलं. चार्जर मूळ कंपनीचाच आहे ना, आणि बॅटरीच्या कुलपाची चावी मिळतेय ना, हे पैसे देण्याआधी विचारा. चावी हरवलेली असेल तर आधी विकणाऱ्याकडून कुलूप बदलून घ्या.